कानाचं टोक

आक्काताई पाटलांनी रस्त्यावरची मांजरं उचलून परसात वाढवायला घेतली, तेव्हा सांगलीतल्या शेजारणींनी मुरडलेली नाकं पुढं कधी सरळ झाली नाहीत. मांजर चांगल्या घरी द्यायच्या आधी डॉक्टर सुमंत त्याची नसबंदी करत आणि भूल उतरायच्या आत डाव्या कानाचं टोक कापत. ती खूण. ती दिसली की त्या जनावराचं पोट पुन्हा कुणी उघडत नसे.

नसबंदी आक्काताईंनी मनाला कशीबशी पटवली होती. गटारात मेलेली पिल्लं त्यांनी पुष्कळ उचलली होती. पण कान? बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, प्रवचनात महाराजांनी बजावलं होतं, मुक्या जिवाचं अंग छेदणं पाप. पोटातलं काढलेलं कुणाला दिसत नाही, कान मात्र चारचौघांत दिसतो. आणि बाईमाणूस काय, बाप्या काय, दिसणारं पापच जास्त टोचतं. शिवाय कानतुटकी मांजरं कुणी नेतही नव्हतं.

काळ्या हनुवटीची पांढरी मनी आक्काताईंची सगळ्यांत लाडकी. शेजारची, साताऱ्याला दिलेली शरयू माहेरपणाला आली आणि मनीवर भाळली.

"पण आक्का, कान नका हं कापू. सासूबाईंना घरात तुटकं काही चालत नाही."

आक्काताईंनी डॉक्टरांपुढं हात जोडले. "आवं डाक्टर, हिचा तेवढा कान ऱ्हाऊ द्या. घर लय चांगलं मिळालंय. कुठं भटकतीय ती?"

"ती खूण तिच्या जिवासाठी असते, आक्का!" डॉक्टर चिडले. पण बाईपुढं त्यांचं काही चाललं नाही. मनी अखंड कानानं साताऱ्याला गेली. घर मिळालं, पापही टळलं, म्हणून आक्काताई खुशीत होत्या.

दिवाळीनंतर डॉक्टर आले. चहा नको म्हणाले.

"साताऱ्यात नसबंदीचं शिबिर होतं. रस्त्यावरून धरून आणलेल्यांत एक मादी होती, कान शाबूत. पोट उघडलं तर गर्भाची पिशवी सापडेना. शोधत राहिलो. मग केसांखाली मीच घातलेल्या टाक्यांचा वण दिसला. तोवर ती गेली होती." ते थांबले. "हनुवटी काळी होती, आक्का."

आक्काताईंना आधी डॉक्टरांचा राग आला, मग स्वतःचा, आणि तो मात्र उतरेना. पाप आपल्या हाताला लागू नये म्हणून आपण मनीचा जीव घालवला, हे त्यांना लख्ख कळलं होतं.

पुढच्याच आठवड्यात शरयू आली. "आक्का, तुमची मनी कुठं पळाली कोण जाणे! नव्या सोफ्याला नखं मारायची, म्हणून बाहेर ठेवत होतो. दुसरं द्याल का एखादं?"

"मेली ती. कान चांगला हुता म्हणून मेली," आक्काताई म्हणाल्या, आणि साताऱ्यात काय झालं ते सगळं तिला सांगितलं.

"अगंबाई!" शरयू चुकचुकली. मग पदर सावरून परसात उतरली आणि शाबूत कानाचं एखादं सापडतं का म्हणून एकेका मांजराचा कान बघायला लागली.