एका वातीची पंचारती

जननीनं हनुवटी पुन्हा यंत्राच्या टेकूवर ठेवली. दुसऱ्या चित्रातही बुबुळाच्या खालच्या अंगाला तोच लाल डाग उमटला.

"नेहमीचं लेसर तुम्हाला चालणार नाही," डॉक्टर लावण्या तमिळमध्ये म्हणाल्या. "डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ आहे, शिवाय सुळक्यासारखा पुढे येतोय. तो आणखी पातळ केला, तर आहे ती नजरही बिघडेल."

"शिवरात्रीला मला नाचायचंय. चष्म्याशिवाय." गेल्या खेपेला ती मंचाच्या कडेवरून पडता पडता वाचली होती.

"ही शिवरात्र सोडा. आधी थेंब आणि अतिनील किरणांनी पडदा घट्ट करू. सुळका वाढायचा थांबला, तर फक्त वरच्या थरावर हलकं लेसर, नाहीतर आत लेन्स. दिव्याची ज्योत दुहेरी दिसते?"

"चष्मा काढला की."

"वाढलं की चार-पाचही दिसतात. घरात आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही." तारीख न घेताच ती उठली. तंजावरात दुसरं कुणीतरी लेसर करून देईलच.

संध्याकाळी शिवकामीनं, तिच्या आईनं, विठ्ठलापुढे पंचारती उचलली. खळगे पाच, वात एकच.

"देवालासुद्धा तूप मोजून!" अप्पांनी, तिच्या वडिलांनी, झांजा सावरत रोजचा टोमणा मारला.

"एक पुरते. पेटवली की पाच होतात," आईनं रोजचं उत्तर दिलं.

जननीच्या टाळ्या थांबल्या. हे उत्तर ती लहानपणापासून ऐकत होती, आईची भक्ती म्हणून.

"अम्मा, आत्ता किती दिसतायत?"

"पाच. रोजच्यासारख्या."

"आणि चंद्र?"

"तोही तसाच, घोसासारखा. असं काय विचारतेस? सगळ्यांना दिसतो तसाच."

अप्पांच्या झांजा हातातच राहिल्या. जननीनं चष्मा काढला. ज्योतीला खेटून दुसरी ज्योत उभी होती. तिसरी अजून नव्हती.

आरती संपली. शिवकामीनं तबक पुढे केलं. जननीनं तळवे ज्योतीवर धरले आणि ती ऊब आधी आईच्या पापण्यांना लावली.

"हे काय गं उलटंच?"

"उद्या दवाखान्यात माझ्याबरोबर येशील? थेंब घालणार आहेत. एकटीला भीती वाटते."

"एवढी घोडी झालीस!" शिवकामी हसली. "सेरी. येते."