चष्म्याची फळी

गिट्टी अजून तशीच आहे. प्लास्टिकची, पिवळी, करंगळीच्या पेराएवढी. तिला कुठं तडा नाही, तिचे दात झिजलेले नाहीत, आतला स्क्रूसुद्धा सरळच्या सरळ... भिंतीतून उपटून आली तेव्हा जिप्सम बोर्डाचा बशीएवढा तुकडा सोबत घेऊन आली, एवढंच. त्यानं ती तळहातावर उलटीपालटी करून पाहिली. गिट्टीचा दोष काढता येत नव्हता. टॉवेलची कडी धरायला तिला बसवली होती आणि अकरा महिने तिनं टॉवेल धरला, ओला आणि कोरडा, मुकाट्यानं. मग एका सकाळी सहा वाजता तिला माणूस धरावा लागला.

चार वाजता ताई बाबांना घेऊन येणार होती, दवाखान्याच्या गाडीतून, आडवं झोपवून. त्याआधी भोक बुजवायचं, रंगाचा हात द्यायचा आणि बाबांच्या हाताशी तीन वस्तू लावायच्या. एक बेलचं बटण, एक छोटा दिवा आणि चष्मा ठेवायला वीतभर फळी. बायको कामावर जाताना म्हणाली होती, तासाभराचं तर काम आहे, जेवून घ्या वेळेवर. तासाभराचंच होतं. त्याचा धंदाच तो. पत्र्याच्या उभ्या पट्ट्या रोवायच्या, दोन्ही अंगांनी बोर्ड ठोकायचे, मधे हवा. एका खोलीच्या दोन करायच्या, दोनाच्या तीन. बावीस वर्षं हेच. काम सोपवताना तो प्रत्येक गिऱ्हाइकाला भिंतीपाशी नेतो, बोटाच्या पेरानं टकटक करून दाखवतो आणि सांगतो की इथं मागे पट्टी आहे, इथं काही नाही; घड्याळ लावा, फोटो लावा, जड लावू नका, आणि धरून तर अजिबात उभे राहू नका. लोक कंटाळून मान डोलावतात, तरी तो सांगतो. सांगितल्याशिवाय त्यानं आजवर कुणाच्या हातात किल्ली दिलेली नाही.

घरात नाही सांगितलं. नुसतं सांगितलं नाही असं असतं, तर तेही एक वेळ चाललं असतं...

बाबा गवंडी. चाळीस वर्षं विटा आणि दगड. त्यांच्या लेखी भिंत म्हणजे जिच्यात खिळा ठोकताना हातोडी उलटी उडते ती. आई गेल्यावर ते इथं राहायला येणार म्हणून त्यानं पुढची खोली मधोमध कापून त्यांना खोली करून दिली, सुट्टीचे तीन दिवस घालून, आणि शेवटच्या दिवशी बाबा त्यांची जुनी पिशवी घेऊन आले, पिशवीतून ओळंबा काढला आणि भिंतीला लावला. दोरी स्थिर होईपर्यंत तो — चाळिशी उलटलेला बाप्या — श्वास रोखून उभा होता. ओळंबा भिंतीला लागूनच उभा राहिला, केसाचाही फरक नाही. बाबांनी दोरी गुंडाळली, पिशवीत टाकली, आणि भिंतीवर टिचकी मारली. मग हसून म्हणाले, "भिंत आहे का बिस्किटाचा डबा?"

ताई हसली. बायकोही हसली. उजेडासाठी त्या भिंतीत ठेवलेल्या दोन खिडक्यांच्या बरोबर मधे, दिसायला चांगली दिसेल म्हणून बसवलेल्या टॉवेलच्या कडीकडे बोट करून बाबा म्हणाले, "टॉवेल तरी पेलेल ना रे ही?"

तेव्हा मी म्हणालो. मीच. दुसरं कुणी नाही. "टॉवेल काय घेऊन बसलात? तुम्ही लोंबकळलात तरी हलणार नाही."

सगळे पुन्हा हसले आणि चहा आला. एवढंच झालं होतं. रागानं नव्हे, लागलं होतं म्हणून बोललेलं एक वाक्य... आणि पुढं बाबांचे गुडघे थकल्यावर ते दोनदा म्हणाले होते की पलंगाशी धरायला काहीतरी लाव रे. त्यानं हो म्हटलं होतं. दांडा लावायचा तर बोर्ड कापून आत लाकूड घालावं लागतं, दोन दिवस घरभर भुकटी होते. पुढच्या आठवड्यात बघू. तोवर बाबा ती कडी धरून उठत होते का? रोज? की पडले त्या सकाळी पहिल्यांदाच? हे त्यानं विचारलेलं नव्हतं. दवाखान्यात एकोणीस दिवस तो उशाशी बसला, बाबा तिथल्या गिलाव्याला नावं ठेवत राहिले, नर्सच्या चपलांच्या आवाजाबद्दल बोलले, त्या वाक्याबद्दल नाही. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, चक्कर आली असणार त्यांना. आणि तो बाजूला उभा राहून तिला सांगू देत होता.

त्यानं भोक चौकोनी कापून घेतलं. आत अंधार, जुन्या भुकटीचा वास, आणि पलीकडच्या बोर्डावर त्याच्याच हातची पेन्सिलीची रेघ. त्यानं लोहचुंबक भिंतीवरून सरकवत नेलं. ते एका जागी टक करून चिकटलं. पट्टी. कडीच्या जागेपासून बोटं लावून पाहिली... एक, दोन, तीन, चार. चार बोटं डावीकडे लावली असती, तर दोन खिडक्यांच्या बरोबर मधे दिसली नसती. त्यानं पुन्हा मोजली. चारच.

मग हात आपोआप कामाला लागले. आतून लाकडाचं फळकूट आडवं सरकवलं, बाहेरून स्क्रूनं आवळलं, वर बोर्डाचा नवा तुकडा, सांध्यावर जाळीची टेप, पुट्टी. पलंगाखाली खोक्यात स्टीलचा दांडा पडलेला होता. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी आणलेला, तेव्हा अजून आशा होती. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता उभं राहणं विसरा. ते ऐकल्यावर सगळ्यात आधी त्याच्या मनात काय आलं होतं? की चला, म्हणजे भिंत फोडायला नको. क्षणभरच, पण आलं होतं. पोटचा मुलगा मी... दांडा त्यानं खोक्यासकट आणखी आत ढकलला.

आता या भिंतीला जड असं काही पेलावं लागणारच नव्हतं. बटण, दिवा, चष्मा. तरी फळीसाठी त्यानं गिट्ट्या घेतल्याच नाहीत, पंखांचे बोल्ट घेतले. भोकातून जाताना पंख मिटतात, पलीकडच्या पोकळीत उघडतात आणि बोर्डाला मागून कवळून बसतात. दोन पुरले असते, त्यानं चार लावले. फळीवर हात ठेवून दाबलं, मग आणखी दाबलं. हलली नाही. एवढी काळजी त्यानं आज घेतली, वीतभर फळीसाठी, आणि याचं त्याला हसूही आलं नाही.

चारला गाडी आली. दोघा माणसांनी बाबांना उचलून पलंगावर ठेवलं. ते इतके हलके झाले होते की त्या माणसांना श्वाससुद्धा लागला नाही. ताई चहा टाकायला गेली. बाबांनी भिंतीकडे पाहिलं. रंग अजून ओला होता, नव्या तुकड्याची जागा ज्याला माहीत त्यालाच कळली असती, आणि बाबांना माहीत होती. बराच वेळ पाहत राहिले. आता बोलतील, त्याला वाटलं. बोला. डबा म्हणा, काहीही म्हणा, त्या दिवशीचं वाक्य माझ्या तोंडावर फेका.

बाबांनी चष्मा काढला, काड्या मिटल्या. हात फळीपर्यंत नेला आणि बोटभर अलीकडे थांबवला.

"एवढं पेलेल ना रे?"

थट्टा असेल म्हणून तो कान देऊन थांबला. बाबांची थट्टा त्याला लहानपणापासून ओळखू येत होती, शेवटच्या अक्षरावर ते किंचित रेंगाळत. रेंगाळले नव्हते. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस खरोखरच विचारत होता, पोराला, चष्म्याबद्दल.

पाच किलो सहज पेलेल. आकडा जिभेवर होता. गिऱ्हाइकाला त्यानं डोळे मिटून सांगितला असता. पण 'हो' म्हणवेना. याच भिंतीबद्दल, याच माणसाला, एकदा त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं होतं, की आता त्याच्या 'हो'ला काही अर्थ उरला नव्हता, बाबांच्या लेखी असेलही कदाचित, त्याच्या स्वतःच्या लेखी नव्हता.

तो पुढं झाला आणि फळीखाली आपला तळहात धरला. "ठेवा," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा ठेवला, दोन बोटांनी, अंडं ठेवावं तसा, आणि डोळे मिटून घेतले. आत ताईनं कप मांडल्याचा आवाज आला. चष्म्याचं वजन त्याच्या हातावर आलंच नाही, सगळं फळीनंच घेतलं. तरी हात काढून घ्यायचा धीर त्याला होईना.