काळा फिल्टर, लाल फिल्टर

होय, आवाज टेबलाखालूनच येतोय. वाका जरा. डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी घालून दाबलेला काळा स्पंज दिसतोय ना, तो मी. हात लावू नका, चिकट आहे. लावलात तर तुम्हीही नाक मुरडाल आणि म्हणाल, "शी, काय ही घाण!" ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

मी एअर फिल्टर आहे. वाळूच्या टेकड्यांवर पाहुण्यांना फिरवणाऱ्या क्वाडबाईकचा, म्हणजे चार जाड चाकांच्या त्या मोटारसायकलचा. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते, आणि वाळूतली हवा म्हणजे निम्मी धूळच. सीटखालच्या डब्यात बसायचं, येईल ती धूळ अंगावर घ्यायची आणि इंजिनाला स्वच्छ हवा द्यायची, हे माझं काम. म्हणजे मळणं हाच माझा धंदा. ज्यांना हे कधी कळलंच नाही त्यांच्या तावडीत मी सापडलो, तिथेच माझं नशीब फुटलं.

जन्म साधाच. कारखान्यात फोमच्या गादीतून मला कापलं, कडा चिकटवल्या आणि पिशवीत भरलं. तेव्हा मी हिरवागार होतो. आता सांगून कुणाला पटायचं नाही.

क्वाड नवी घेतली तेव्हा दुकानदाराने काउंटरवर तीन फिल्टर मांडले. एक कागदी, एक लालभडक कापडी आणि मी. समोर गाडीचा मालक, त्याची बायको आणि त्यांनी सोबत आणलेला मिस्त्री. मालकाला सगळे दादा म्हणत आणि बायकोला वहिनी, म्हणून मीही तेच म्हणतो.

"कागदी न्या. स्वस्त आणि मस्त," दुकानदार म्हणाला.

"वाळूत दुपारपर्यंत गुदमरेल तो," मिस्त्री म्हणाला.

"आणि हा लाल?" दादाची नजर तिथेच खिळली होती.

"दिसायला झकास. पक्क्या रस्त्यावर पळवायला ठीक आहे. पण वाळूची बारीक धूळ त्याच्यातून आरपार जाते. फोमचा घ्या. मात्र रोज धुवावा लागेल, तेल लावावं लागेल. कंटाळा करणार असाल तर घेऊच नका."

"एवढं कोण करत बसणार?" दादा म्हणाला.

"मी करेन," वहिनी म्हणाली.

आणि तिने केलं हो! मिस्त्रीने तिला एकदा दाखवलं, ते तिने कायमचं लक्षात ठेवलं. आधी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात. पिळायचं नाही, नुसतं दाबायचं, नाहीतर फोम फाटतो. वाळला की चिकट तेल, आणि ते प्रत्येक भोकात जाईपर्यंत पुन्हा दाबत राहायचं. तेलाशिवाय मी म्हणजे नुसता स्पंज, धूळ धरणार कशाने? संध्याकाळी घरातली सगळी चहा पीत असत आणि ही मोरीत मला घेऊन बसलेली असे. माझ्यातून निघालेलं काळं पाणी बघून ती खूश व्हायची. "बरीच पकडलीस की रे आज," म्हणायची. माझं एवढं कौतुक कुणी केलं नाही, आणि आता करणारही नाही.

पुढे दादाची कंबर गेली. डॉक्टरांनी गाडीवर बसायलाच मनाई केली. तोपर्यंत वहिनी याच टेबलामागे बसून पाहुण्यांना हेल्मेटं वाटायची. दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती गाडीवर बसली. पहिल्या दिवशी तिने गाडी दोनदा बंद पाडली, डब्यात बसून मला ते कळत होतं. पण बघता बघता तिने सगळ्यात उंच टेकडीही सर केली. "ड्रायव्हर कुठाय?" असं विचारणारे पाहुणे उतरताना "ताई, अजून एक फेरी" म्हणू लागले. उतारावर ती स्वतःशीच गुणगुणायची. त्या टेबलामागे तिला पुन्हा बसायचं नव्हतं. गाडी धडधाकट राहिली तरच आपण गाडीवर राहू, हे ती पुरतं ओळखून होती. म्हणून तर मला एवढं जपायची.

मग तिचा धाकटा दीर धंद्यात मदत करायला आला. मोटारींच्या शोरूममध्ये तो विक्रेता होता. कपड्यांना कडक इस्त्री, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. त्याने सीट उचलली, डबा उघडला आणि मला दोन बोटांत धरून लांब केलं.

"वहिनी, हे काय भूत बसवलंयस इंजिनावर? गाडीचा दम कोंडतोय यानेच!"

"भावजी, आजच्या दिवसाची धूळ आहे ती. तो मळला म्हणजेच..."

"अगं, तो गाड्यांमध्येच असतो दिवसभर," दादा मध्येच म्हणाला. "त्याला कळत नाही आणि तुला कळतं का?"

झालं! दुसऱ्या दिवशी तो लाल महाराज दाखल झाला. त्यालाही तेल लागतंच, पण तेलाने रंग मळकट दिसतो म्हणून दिराने त्याला कोरडाच बसवला. वर डब्याचं झाकणही काढून टाकलं, आवाज भारी यावा म्हणून. गाडी अशी गरजायला लागली की पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी शेडच्या फळीवर पडून ऐकत होतो.

पुढे काही आठवड्यांनी दिराने तो लाल बाहेर काढून भावाला दाखवला. "बघ दादा, एक डाग तरी आहे का? नाहीतर वहिनीचं ते गबाळं!" दोघे भाऊ त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. अरे देवा! फिल्टरवर डाग नाही, मग एवढी धूळ गेली कुठे? दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

वहिनीच्या आलं. फिल्टरच्या मागच्या नळीत तिने आतून ग्रीसचं बोट फिरवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच ग्रीस काढून दिरासमोर धरलं. ते चक्क खरखरत होतं.

"भावजी, हात लावून बघा. धूळ फिल्टरच्या आत पोचलीय. इंजिन खलास होईल."

"वाळूत गाडी चालवतो आपण. हाताला वाळू लागणार नाही तर काय साखर लागणार?"

दादा हसला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "तुला त्याचं एकही पटत नाही का गं? आल्यापासून बघतोय."

इंजिनाची गोष्ट अशी घरातली कुरबुर होऊन बसली. पण एके सकाळी कुणी नसताना तिने मला तेल लावून, झाकण घट्ट करून परत बसवलं. काय सांगू, किती बरं वाटलं! ते सुख दुपारपर्यंत टिकलं. गाडी गरजत नाही हे दिराच्या लक्षात आलं. पाहुण्यांच्या देखत त्याने मला ओढून काढलं, "असल्या घाणीनेच मरेल एक दिवस गाडी!" असं ओरडून शेडच्या कोपऱ्यात फेकलं. वहिनी हेल्मेट घेऊन समोरच होती. अपमान दोघांचा झाला.

गाडी मेली, पण कशाने ते तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. आधी सकाळी चालू व्हायला कुरकुर, मग निळसर धूर, आणि शेवटी उंच टेकडीच्या निम्म्यावर बंद. पाहुणे वाळू तुडवत चालत खाली आले.

मिस्त्रीने इंजिन खोललं. सिलिंडर आतून ओरबाडलेला, पिस्टनच्या रिंगा झिजून गेलेल्या. दिराने मला कोपऱ्यातून शोधून आणलं आणि त्याच्यासमोर आपटलं. "हे बघा काय लपवून लावत होती वहिनी. आणि हा माझा, बघा, कसा लख्ख!"

मिस्त्रीने नळीत बोट घालून बाहेर काढलं आणि अंगठ्यावर चोळलं. मग मला उचलून दाबलं. त्याला सगळं कळलं. त्याच्या हातावरूनच मला ते समजलं.

"सांगा ना, मिस्त्री," वहिनी म्हणाली. "तुम्हीच शिकवलं होतंत मला. सांगा यांना."

पण शोरूमचं दुरुस्तीचं काम मिळवून देतो, असा शब्द दिराने त्याला आदल्याच दिवशी दिला होता. त्याने चिंधीला हात पुसले. तिच्याकडे बघितलंच नाही.

"मशीन आहे, ताई. जातं कधीकधी. कुणाचा हात कसा लागतो, सांगता येत नाही."

त्या एका वाक्यावर निकाल लागला. "जाऊ दे," दादा अगदी समजुतीने म्हणाला, "आता तू आपलं टेबलच सांभाळ." त्या समजुतीचा मला जास्त राग आला. ओरडला असता तर ती भांडली तरी असती.

आता नवी क्वाड आली आहे. ती दीर चालवतो. आत तसाच लाल फिल्टर आहे, तसाच कोरडा. आणि वहिनी इथे, माझ्या डोक्यावर, हेल्मेटं वाटते. टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून तिनेच मला शोधून आणलं आणि घडी घालून खाली सारलं. त्या वेळी तिने मला एकदा दाबून बघितलं, सवयीने असेल.

मला पुन्हा गाडीत बसवा, अशी विनंती मी करणार नाही. माझ्या चिकटवलेल्या कडा सुटल्या आहेत, माझ्यात काही उरलं नाही. पण तुम्ही कधी दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहाल तेव्हा सगळ्यात स्वच्छ कोण दिसतोय ते नका बघू. धूळ कुठे जाणार आहे ते विचारा. आणि घरात कुणी रोज काळंकुट्ट होऊन बसत असेल, तर त्याला घाण म्हणण्याआधी जरा थांबा.

आज सकाळी दिराने स्टार्टर दाबला. गाडी खोकली. परत दाबला, परत खोकली. चौथ्या-पाचव्या वेळी चालू झाली आणि मागून निळसर धूर निघाला.

"पेट्रोलच भेसळीचं मिळतंय हल्ली," तो मोठ्याने म्हणाला. "हो की नाही, वहिनी?"

वहिनीने धुराकडे बघितलं.

"असेल, भावजी," ती म्हणाली, पुढच्या पाहुण्याला हेल्मेट दिलं आणि पायाच्या अंगठ्याने मला टेबलाखाली आणखी आत सारलं.