भोंग्याचा घसा बसला तेव्हा

कंडक्टरला सगळे ‘भोंगा’ म्हणत आणि त्याला त्याचा अभिमान होता. बस वळणावर असतानाच त्याची हाक थांब्यावर पोहोचायची. रविवारी व्हॉलीबॉलच्या सामन्यात माइक बंद पडला, तरी पठ्ठ्याने धावतं वर्णन शेवटपर्यंत रेटलं. सोमवारी सकाळी तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली.

“आ कर बघू,” त्याची थोरली बहीण म्हणाली. नवरा वारल्यापासून ती भावाकडेच राहत होती. घरामागच्या तुकड्यात तिने अडुळसा, निर्गुडी, पुदिना, कोरफड असं काय काय लावलं होतं. पाल्याची ओळख आईकडून आलेली. कुणाला खोकला झाला, कुणाचा पाय मुरगळला, की माणसं आधी तिच्या कुंपणाशी यायची. सगळं गाव तिला ताई म्हणायचं.

“लालभडक झालाय घसा,” ताई म्हणाली. “ज्येष्ठमधाची काडी चघळ. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कर. आणि बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर सरळ दवाखाना.”

भोंग्याने मान डोलावली. तिचं बोलणं मध्ये न तोडता त्याने कधी ऐकलं असेल, तर ते त्या दिवशी.

बसमध्ये तो खुणा करून तिकिटं फाडू लागला आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत बातमी फुटली. मग काय, घरटी एक वैद्य! शिंपीणबाईंनी त्याच्या हातावर लवंगा ठेवल्या. निवृत्त मास्तरांनी पेरूची पानं आणून दिली, “उकळून गुळण्या कर” म्हणून बजावलं, आणि ‘उकळून’ हा शब्द दोनदा म्हणून दाखवला. परतीच्या फेरीला तर थांब्याथांब्यावर कुणी ना कुणी मूठ पुढे करून उभं. नको म्हणायला आवाज नाही, त्यामुळे सगळं पिशवीत जात राहिलं.

“लवंग कसली देता? घसा सोलवटून निघेल त्याचा,” कुंभारीण म्हणाली. “पुदिन्याची वाफ घे रे भाऊ.”

“तुझ्या पुदिन्याने तुझ्या नवऱ्याचं घोरणं थांबलं का, ते आधी सांग,” शिंपीणबाई म्हणाल्या.

बस खदखदली. भोंगाही हसला, पण पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा फुसफुसत, त्यामुळे माणसं आणखीच हसली.

पुढच्या थांब्यावर मेंढपाळ चढला. त्याने कमरेच्या फडक्यातून एक काळं, वेडंवाकडं मूळ काढलं.

“नाव काही ठाऊक नाही. डोंगरात मिळालं. बोकडाला चारलं होतं, दणकून ओरडायला लागला.”

एवढ्या मायेने दिलेलं कसं टाकायचं? भोंग्याने ते तोंडाशी नेलं, तेवढ्यात पुढून आवाज आला.

“ते खाऊ नका.”

सगळ्या माना पुढे वळल्या. ड्रायव्हर बोलला होता! इतकी वर्षं बस चालवत होता, पण त्याचा आवाज कसा आहे हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

“ओळख नसलेलं मूळ तोंडात घालायचं नाही,” रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “असं त्या सांगतात.”

भोंग्याचा हात तिथेच थांबला. त्या? सगळं गाव जिला ताई म्हणतं, ती याची एकट्याची ‘त्या’ कधी झाली? विचारायला जीभ वळवळली, पण घशातून हुंकारसुद्धा निघेना.

ऊन कलताना शेवटचा प्रवासी उतरला. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि वळून बसला.

“आज बोलून टाकतो. एरवी तुम्ही मला फट ठेवत नाही.” त्याने कपाळ पुसलं. “थंडीत माझा गुडघा धरला होता. त्यांनी निर्गुडीचा पाला दिला शेकायला. तेव्हापासून मी दर रविवारी जातो. तुम्ही मैदानावर असता.”

भोंग्याने त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

“गुडघा कधीच बरा झाला,” ड्रायव्हर म्हणाला. “मलाच बरं व्हायचं नाही. लग्न करायचं म्हणतोय आम्ही. त्या म्हणाल्या, आधी भावाला सांगा. आता तुम्हाला सांगायचं म्हणजे...”

भोंगा एकटक त्याच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं हा माणूस आपल्यापासून चार हातांवर बसत होता आणि आपण त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. मग त्याने हात वर करून दोरी ओढली. घंटा दोनदा वाजली. बसच्या भाषेत याचा अर्थ एकच: चला, पुढे जाऊ द्या!

ड्रायव्हरने इतक्या आनंदात इंजिन सुरू केलं, की गाडी आचका देऊन बंदच पडली.

घरी ताईने पिशवी पाटावर रिकामी केली. पेरूची पानं धुवायला घेतली, लवंगा डब्यात गेल्या, मूळ खतात गेलं. भाऊ समोर उभा राहून गालातल्या गालात हसत होता.

“सांगितलं वाटतं त्याने?” पानं निवडता निवडता ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “बरं झालं बाई. महिनाभर ‘उद्या नक्की’ चाललं होतं.”

भोंग्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

“खबरदार!” तिने गुळण्यांचं पाणी त्याच्या हातात दिलं. “लग्न ठरलं म्हणून पथ्य मोडायचं नाही.”