आक्काने ऐकलेला खटका

मी जब्बारभाईंचा रोलचा कॅमेरा बोलतोय, आणि हळू बोलणं मला आज जमणार नाही. नारपोलीत चहूकडून कापडाच्या लूमची खडखड, तिच्यावर आवाज चढवून बोलायची सवयच लागलीय मला! त्यात टेमघरच्या हळदीला जे घडलं, ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

जन्म माझा परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला, पण तिथलं मला काही आठवत नाही. जब्बारभाईंनी मुंबईच्या बाजारातून मला सेकंडहँड घेतला आणि पोटाशी धरून घरी आणला, तिथून माझी आठवण सुरू होते. नारपोलीचे निकाह, टेमघरच्या हळदी, वडप्याची बारशी, सगळीकडे मी हजर. नवरदेव उशिरा आला तरी चालायचं, माझ्याशिवाय काम अडायचं!

आता धंद्यातली एक गंमत सांगतो. एका रोलवर फोटो निघायचे छत्तीस आणि हळदीला यायचा आख्खा गाव. जो तो हात धरणार, आमचा एक काढ म्हणणार. नाही म्हटलं तर रुसवा. मग जब्बारभाई माझ्या बटणाला हातच लावायचे नाहीत, नुसता फ्लॅश उडवायचे. लख्ख उजेड, माणूस खूश आणि रोल जागच्या जागी! याला म्हणायचं खाली फ्लॅश, म्हणजे रिकामा. पुढे कुणी फोटो मागितलाच, तर रोल जळला असं सांगायचं.

मग घरात डिजिटल आला. जब्बारभाईंची मुलगी रमशा कॉम्प्युटर शिकलेली, तिनेच तो आणला. फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर लगेच बघायचा! माझा जळफळाट झाला, का खोटं बोलू? पण त्या इवल्याशा काचेत हिरवी लुगडी, पिवळे गाल झळकताना पाहून मीही हरखलो. शिवाय हवे तितके फोटो निघणार म्हटल्यावर खाली फ्लॅशची कटकटच मिटली.

रमशाला दुसराही डिजिटल हवा होता. कल्याणच्या एका दुकानात जुना कॅमेरा देऊन नवा मिळत होता. टेमघरची हळद झाली की याला देऊन टाकू, असं ती अब्बांना म्हणाली. जब्बारभाई बरं म्हणाले, पण हळदीला मला गळ्यात घालूनच निघाले. आमच्याकडे एकच रोल उरला होता, तोही काळा-पांढरा. हळदीला काळा-पांढरा रोल, बोला आता!

केसरीनाथांच्या दारात मांडव, त्यांच्या दीपेशची हळद, बँजोचा दणका. सगळा गाव रमशाभोवती, दाखव दाखव म्हणत. आम्हाला कोण विचारतंय? जब्बारभाई निवांत होते, हवे तेच फोटो काढत होते. बघता बघता रोलवर शेवटचा फोटो उरला. माझ्या आयुष्यातलाही तो शेवटचाच असणार होता.

तेवढ्यात रमशाने आक्काला समोर उभं केलं. आक्का म्हणजे टेमघरची धवलारीण, लग्नातली धवलगीतं गाणारी. तिच्या गाण्याशिवाय तिथे हळद लागत नाही. रमशाने फोटो काढून तिला दाखवला, पण डोळे मिटलेले आले होते. पोरीने झटकन बटण दाबून तो पुसला, दुसरा काढते म्हणाली. आक्का त्या रिकाम्या काचेकडे बघत राहिली.

“दिसले अन् गेले गं मी,” ती म्हणाली. दुसरा काही तिने काढू दिला नाही. थेट आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

“जब्बार, हे माझं शेवटचं लगीन. आता आवाज फुटत न्हाय. आजवर तू माझ्यावर नुसता उजेड पाडलास. खटका कधी वाजला न्हाय. मला ठाव हाय.”

अरे देवा! खरंच होतं ते. आक्का नेहमी सगळ्यांच्या आधी नटून यायची, तेव्हा रोल जपायचा असायचा. शेवटी काढू म्हणेपर्यंत रोल संपलेला. गावातल्या एकाही अल्बमात ती नव्हती. आणि गाणाऱ्या बाईचा कान तो, त्याला कोण फसवणार?

“मग बोलली का नाहीस, आक्का?” जब्बारभाईंनी कसंबसं विचारलं.

“धवलारणीनं लग्नघरात रुसायचं नस्तं.”

जब्बारभाईंनी डोळे पुसले. मग तिला म्हणाले, नुसती उभी राहू नकोस, गा. आक्काने कानावर हात ठेवला आणि चिरक्या आवाजात धवला धरला. माझ्या आतली प्रत्येक स्प्रिंग ताणलेली होती. हलू नका हो जब्बारभाई, आत्ता हलू नका! आणि मी असा खणखणीत खटका दिला, की गाता गाता आक्का हसली.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याच्या खोलीत रमशाही येऊन उभी राहिली. ट्रेमधल्या औषधात कोरा कागद पडला. आधी पदर उमटला, मग कानावरचा हात, मग ते हसरं, उघडं तोंड.

“अब्बा, ये तो गा रही है,” रमशा पुटपुटली.

दुपारी तिने मला पिशवीत टाकलं. झालं, निघालो कल्याणला, मी मनात सगळ्यांचा निरोप घेतला. पण रिक्षा थांबली टेमघरला! आक्काने फोटो हातात घेतला, स्वतःच्याच गालावर बोट फिरवलं आणि शेजारच्या रंगूबाई, गुणाबाईंना हाका मारल्या. बघता बघता म्हाताऱ्यांची रांग लागली. सगळ्यांना खटक्याचा फोटो हवा होता! रमशाने तिथूनच अब्बांना फोन केला, रोल मागवा म्हणाली. हो, माझ्यासाठी!

आता हळदीला आम्ही दोघं जातो. डिजिटल सगळा गाव टिपतो, मी थोडीच माणसं टिपतो. पुढे रोल मिळतील की नाही, कुणास ठाऊक. मिळताहेत तोवर एकदा या माझ्यापुढे. उजेडाला भुलू नका, आक्कासारखा कान द्या. खटका वाजला की समजा, तुम्ही आलात.