वेळेवर झालेली चूक

तिने फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश शेजारी शेजारी लिहिले आणि वर्गाकडे वळली.

"यातला मोठा अपूर्णांक कोणता?"

पाचवीच्या वर्गात हातच हात वर झाले. शेवटच्या बाकावर परीक्षक सर बसले होते. बाक मुलांच्या मापाचा आणि सर ताडमाड उंच. गुडघे मावेनात म्हणून ते तिरके बसले होते. त्यामुळे ते तिच्याकडे बघताहेत की खिडकीबाहेर, हे काही केल्या कळत नव्हतं.

आज तिचा वार्षिक पाठ होता. शिक्षकाची दोन वर्षांची पदवी एका वर्षात करून देणारा जलद अभ्यासक्रम तिने धरला, तेव्हा औषधांच्या दुकानातली बरी चाललेली नोकरी सोडली होती. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी विद्यापीठात शिकायचं, घरी येऊन दुसऱ्या दिवसाचं पाठ टाचण काढायचं. वार्षिक पाठात नापास झालं की वर्ष गेलं; जलद तुकडीला दुसरी संधी नव्हती. सासूबाईंनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "एक वर्ष मी पोरं सांभाळते. पुढच्या वर्षाचं माझ्या गुडघ्यांना विचार."

तिने पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं. या मुलीला सगळे मॉनिटर म्हणत. ती मॉनिटर होतीच, आणि वर्गात शिक्षक नसले की मुख्याध्यापकही तीच.

"एक चतुर्थांश, बाई," मॉनिटर ठणकावून म्हणाली. "कारण चार हा तीनपेक्षा मोठा असतो."

तिच्या जिवात जीव आला. याच चुकीसाठी ती आठवडाभर कागद कापत बसली होती. तिने दोन सारख्या पट्ट्या काढल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार, आणि मॉनिटरलाच पुढे बोलावून दोन्हींतला एकेक भाग हातात दिला. मॉनिटरने ते एकमेकांवर ठेवले. कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू डोळे मोठे केले.

"अय्या बाई, म्हणजे जितके जास्त भाग, तितका प्रत्येक भाग लहान होतो की."

शेवटच्या बाकावर पेन भराभर चाललं. तास संपल्यावर सर जाता जाता म्हणाले, "वरच्या खोलीत या, चर्चा करू." आणि ते चक्क हसले.

ती टेबलावरच्या पट्ट्या गोळा करत होती, तेवढ्यात मॉनिटर डस्टर झटकून घेऊन आली.

"बाई, चूक वेळेवर झाली ना?"

"कसली चूक?"

"चार मोठा, तीन लहान. मला वाटलं जरा घाईच झाली." मग तिचा चेहरा बघून मॉनिटरने नीट समजावून सांगितलं. "मागे एक बाई होत्या. त्यांच्या पाठाला आम्ही सगळं बरोबर सांगत बसलो. तर परीक्षक म्हणाले, मुलांना येतंच आहे, मग तुम्ही शिकवलंत काय? बिचाऱ्या रडल्या हो. तेव्हापासून आमचं ठरलंय, आधी चुकायचं, मग समजायचं. तुम्ही काळजी करू नका. आम्ही आत्तापर्यंत तीन बाई आणि एक सर पास केलेत."

ही विद्यापीठाची सराव शाळा होती. शिकाऊ शिक्षकांची तुकडी दरवर्षी इथे यायची आणि जायची. मुलं मात्र तीच असायची. तिला हसावं की रडावं कळेना. जिना चढताना तिने मनाशी पक्कं केलं, गप्प बसायचं. कोणाचं काय बिघडलं? मुलं हुशार आहेत, सर खूश आहेत, आणि आपण कोणाला काही करायला सांगितलेलं नाही.

"बसा," सर म्हणाले. "छान झाला पाठ. मुलगी चुकली, पण तुम्ही उत्तर सांगून टाकलं नाहीत, तिचं तिला सापडू दिलंत. आता सांगा, तिला नेमकं कशामुळे समजलं?"

या प्रश्नाचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिने पदराशी चाळा करावा तशी मुठीतल्या पट्टीची घडी घातली, पुन्हा घातली, आता आणखी घडी पडेना.

"सर, ती चुकलीच नव्हती," ती म्हणाली. "तिला आधीपासूनच येत होतं. माझा पाठ चांगला व्हावा म्हणून तिने मुद्दाम चूक केली."

बोलून गेली आणि तिला धस्स झालं. आपल्याच हाताने आपण पायावर धोंडा पाडून घेतला होता.

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितलं होतंत?"

"नाही. पाठ संपल्यावर कळलं."

"मग आज तुम्ही शिकवलंत काय?"

"काहीच नाही, असं दिसतंय."

सरांनी पेनाला टोपण लावलं. तिला सासूबाईंचे गुडघे आठवले आणि रडू येईल असं वाटलं.

"मधल्या सुट्टीनंतर त्यांना काय आहे?"

"चित्रकला."

"तो तास मी मागून घेतो. पुन्हा शिकवा. टाचण नको. शेरा मग लिहीन."

सरांना परत आलेलं पाहून वर्गात कुजबुज झाली. मॉनिटर ताठ बसली आणि ओठ न हलवता म्हणाली, "बाई, आता कुठली करायची?"

"कुठलीच नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ज्याला जे खरंच येत नाही, ते त्याने सांगायचं. बस्स."

एकही हात वर झाला नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. काहीतरी बोलावं, काहीतरी लिहावं, निदान कोणाचं तरी नाव घ्यावं असं तिला फार वाटत होतं. तिने खडू खाली ठेवला आणि थांबली.

खूप वेळाने मॉनिटरने हात वर केला. नेहमीसारखा नाही, जेमतेम खांद्यापर्यंत.

"मला नाही येत, बाई."

"काय नाही येत?"

"हेच. अपूर्णांक." मॉनिटर बाकाकडे बघत होती. "चुकायचं कसं ते येतं. नंतर काय म्हणायचं तेही पाठ आहे. पण ते तुकडे एकावर एक ठेवल्यावर बघायचं काय असतं, ते मला माहीत नाही. कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना वाटतं मला येतं."

ती मॉनिटरच्या बाकापाशी गेली.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसली.