परिषदेतल्या चिठ्ठ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. जवळ या, पण झाकणाला हात लावू नका. तुमचे हात स्वच्छ असतीलही, मला काय ठाऊक?

माझा जन्म नागपुरातल्याच एका सुताराच्या हातचा. साल त्रेसष्ट. आत हिरवं मऊ कापड चिकटवलं, झाकणावर पितळी राजमुद्रा ठोकली आणि मला विधान परिषदेच्या कचेरीत आणून ठेवलं. विधान परिषद म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह. खालची विधानसभा कधी बरखास्त होते, परिषद कधीच नाही. इथले सदस्य सहा-सहा वर्षं बसतात आणि थोडे थोडे करून निवृत्त होतात. नागपुरात त्यांचं अधिवेशन हिवाळ्यात भरतं. तेवढे दिवस माझा थाट. बाकीचे महिने कोठीत बंद, आणि वर नागपूरचा उन्हाळा! लाकूड तडतडतं, कापडाचा डिंक सुटतो. पण माझी विचारपूस करतो कोण?

माझं काम मोठ्या विश्वासाचं. अधिवेशनातल्या एकाच शुक्रवारी सदस्यांना स्वतःचे ठराव मांडता येत. ठराव पुष्कळ, वेळ थोडा. म्हणून प्रत्येकानं आपल्या नावाची चिठ्ठी माझ्या पोटात टाकायची. मग पहिल्या पाच चिठ्ठ्या काढायच्या. ज्यांची नावं निघतील त्यांनी बोलायचं, उरलेल्यांनी घरी जायचं. उरलेल्या चिठ्ठ्या कोणी मोजत नसे. मुठीनं काढून टोपलीत टाकत.

माझी किल्ली लहानू शिपायाच्या कमरेला. रोज ओल्या फडक्यानं तो मला आतून-बाहेरून पुसायचा. पण पालथी म्हणून कधी घातली नाही. राजमुद्रा जमिनीला लागेल ना! मला त्याचा फार अभिमान. तरी माझा एक डोळा त्याच्यावर असेच. हसून बोलणाऱ्या सदस्यांवर एक, आणि कचेरीतले मुख्य कारकून, बडे बाबू बाबनराव यांच्यावर तर कायमच. ते बोटाला थुंकी लावून कागद उलटतात. अशा माणसाचा भरवसा मी तरी धरत नाही.

शालिकराम मास्तर शिक्षकांमधून निवडून आलेले. तालुक्याच्या गावी मुलींसाठी वसतिगृह हवं, हा त्यांचा ठराव. त्यांच्या शाळेतल्या दोन हुशार पोरी सातवीनंतर घरी बसल्या होत्या, कारण पुढची शाळा बारा मैलांवर. मास्तर चिठ्ठीची घडी घालत, परत घडी, परत घडी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी होईपर्यंत. दोन हिवाळे त्यांचं नाव निघालं नाही. तिसरा हिवाळा त्र्याहत्तरचा. येत्या उन्हाळ्यात त्यांची मुदत संपणार होती.

त्या वर्षी पाच नावं निघाली. मास्तर त्यात नव्हते. ते उठले आणि म्हणाले, "उरलेल्या बी काढा. आम्ही नऊ जणांनी टाकल्या."

निघाल्या तीन. एकूण आठ.

मास्तरांनी लहानूच्या कमरेकडे बोट दाखवलं. मग सगळ्यांच्या नजरा किल्लीवर गेल्या.

बाबनराव म्हणाले, "लहानू, कोणाच्या सांगण्यावरून काढली गा चिठ्ठी?"

"साहेब, मी काहून काढू? मले वाचता बी धड येत नाही."

"संध्याकाळपर्यंत चिठ्ठी आण. नाहीतर शिपायाचा पट्टा टेबलावर ठेव आन् घरी जा."

खरं सांगते मित्रांनो, मलाही लहानूचाच संशय आला. माझ्या पोटात तीन हिवाळ्यांपासून काहीतरी टोचत होतं. पण दोष माझ्यात असेल, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी राजमुद्रेची पेटी!

दुपारी लहानू मला शेवटचं पुसत होता. त्याची बायको अंजनाबाई तिथंच झाडूकामाला होती. झाडू टाकून ती आली.

"रडून काय राहिला? पेटी पाह्यली का?"

"दहा वेळा पाह्यली वं."

"पालथी घातली का?"

"अवं, वर राजमुद्रा हाये!"

"राजमुद्रेले काय होऊन राहिलं? होऊन राहिलं ते तुह्या नोकरीले! सरक तिकडं."

आणि त्या बाईनं मला उचललं, पालथी घातली आणि पाठीवर दोन थापा दिल्या. माझ्या जन्मात असा अपमान झाला नव्हता. मी कडाडले. तळाचं सुटलेलं कापड लोंबलं, आणि टप, टप, टप! त्याखाली सरकलेल्या हरभऱ्याएवढ्या तीन घड्या फरशीवर पडल्या. तीन हिवाळ्यांच्या.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी एक घडी उलगडली. आपलंच अक्षर पाहून ते खाली बसले. सगळ्यांदेखत म्हणाले, "लहानू, माही घडी चुकली आन् मी तुह्यावर बोट दाखवलं. माफ कर गा."

बाबनरावांनी पट्टा परत दिला. मान वर न करता.

पण सोडत होऊन गेली होती. नियम म्हणजे नियम. मास्तर त्या शुक्रवारी बोलू शकले नाहीत, आणि उन्हाळ्यात त्यांची मुदत संपली. त्या दोन पोरींचं पुढं काय झालं, मला कोणी सांगितलं नाही.

आता मी कोठीत आहे. कचेरीत नवी पेटी आली आहे. तिच्याही तळाला हिरवं कापडच चिकटवलंय, असं ऐकते. मित्रांनो, आम्हाला मान द्या, पण वर्षातून एकदा पालथं घालून झटका. आणि कोणाच्या कमरेच्या किल्लीकडे बोट दाखवायचं असेल, तर आधी आमच्या पाठीवर दोन थापा द्या. जरा जोरानंच. अंजनाबाईसारख्या.